गाभोळीची किंमत

बीदरच्या बहामनी दरबाराचा वजीर महमूद गवान, ज्याने 1472 मध्ये बांधलेल्या मदरशाचा उरलासुरला मनोरा अजून आपल्या अंगावरचे निळे-हिरवे कौलकाम सांभाळून उभा आहे, तो मूळचा कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठावरील गीलान प्रांताचा, हे इतिहासाच्या पुस्तकांत असते; परंतु ज्या मत्स्यांडांसाठी पुढे युरोपातील श्रीमंतांनी सोन्याच्या भावाने पैसा मोजला, ती अंडी पोटात वागवणारा स्टर्जन मासा त्याच गीलानच्या नद्यांत विणीसाठी चढत असे, हे सहसा कोणी नमूद करत नाही.

या माशाला खऱ्या अर्थाने खवले नाहीत, आणि शिया धर्मशास्त्रात बिनखवल्याचा मासा निषिद्ध. त्यामुळे कित्येक पिढ्या इराणी किनाऱ्यावरचा हा माल तेथील लोकांच्या ताटात न पडता परदेशी रवाना होत राहिला, आणि 1983 मध्ये आयातुल्ला खोमेनी यांनी अनुज्ञा दिली तेव्हाच तो तेथे खाद्य ठरला. निषेधामुळे मासा वाचला असेल असे मात्र नव्हे, कारण व्यापारास भक्ष्याभक्ष्याचा विधिनिषेध कधीच आड येत नाही. बेलुगा जातीची मादी पहिली गाभोळी धरण्यास पंधरा-वीस वर्षे घेते, पुढेही दरवर्षी वीत नाही. आणि ही गाभोळी काढण्याची रूढ रीत म्हणजे मादीचे पोट चिरून अंडी बाहेर घेणे, ती चाळणीवर हलक्या हाताने घोळवून त्यांच्यावरचा पडदा वेगळा करणे, आणि बेताचे मीठ लावून डब्यात भरणे. सोव्हिएत संघ आणि इराण या दोनच सत्तांच्या अमलाखाली तो समुद्र होता तोवर या धंद्यावर निदान काही बंदोबस्त होता. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला, दोनाच्या जागी पाच राज्ये काठावर आली, आणि चोरट्या मासेमारीला कोणी विचारणारे उरले नाही. 1998 पासून स्टर्जनच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तरीही 2022 च्या जागतिक पाहणीत उरलेल्या सव्वीसच्या सव्वीस जाती धोक्यात असल्याचे नमूद झाले.

आपल्या मांजरेच्या गाभोळीस असा भाव कोणी देणार नाही. बीड जिल्ह्यातील बालाघाटात उगम पावून, लातूर ओलांडून, भालकी-औराद भागातून बीदर जिल्ह्यात वाहणारी आणि पुढे तेलंगणात शिरून गोदावरीस मिळणारी ही नदी, तसेच भीमाशंकरापासून पंढरपूरमार्गे गाणगापुरास अमरजेच्या संगमापर्यंत येणारी भीमा, या दोन्हींतील मासा विकला जातो तो किलोवर, आणि पोटातील गाभोळी त्याच वजनात जाते. जोड शेंगांसारख्या त्या पिवळसर पिशव्या हळद, तिखट, मीठ लावून तव्यावर टाकल्या की तेल उडते, म्हणून जाणती बाई त्यांना आधी सुईने टोचे देते; चवीने खाणारे घरात असतातच. परंतु या चवीसाठी मासा मारला जातो असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो मारला जातो तो सोपा सापडतो म्हणून, आणि सर्वांत सोपा सापडतो तो नेमका गाभोळी भरलेली असताना.

मृगाचा पाऊस पडून ओढ्यांचे गढूळ पाणी नदीला भिडले की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात, उथळ कुरणांत आणि पाणी साचलेल्या शेतांत शिरतात, आणि जड पोटाची मादी वीतभर पाण्यात पाठ उघडी टाकून सरपटताना दिसते. अशा वेळी जाळ्याचेही काम नसते. ओढ्याच्या तोंडाशी दगडांचा बांध घालून मधल्या फटीत जुनी मच्छरदाणी बांधली तरी पुरते, आणि काठीने मारणारी पोरेही मागे नसतात. मादीचे पोट जरा दाबले तरी अंडी बोटांवर येतात. रोहू किंवा कटला यांच्या एका मोठ्या मादीच्या पोटात ती लाखांनी असतात, त्यातील बहुतेक निसर्गच गिळतो हे खरे. पण म्हणून उरलेली आपण गिळावी, हा युक्तिवाद मला पटत नाही.

मरळीची गोष्ट याहून निराळी, आणि अधिक निर्दय. तिची पिले तांबूस रंगाची असतात, घोळक्याने पाण्याच्या पृष्ठावर श्वासासाठी येतात, आणि आई-बाप खाली पहारा देतात. जाणता गळवाला तो तांबडा घोळका हेरून नेमका त्याच्यावर गळ टाकतो. भुकेने नव्हे, तर पिलांवर आलेले संकट परतवण्यासाठी पालक मासा त्यावर झडप घालतो, आणि तो वर ओढला गेला की घोळका बिनधनी होऊन काही वेळात इतर माशांच्या पोटात जातो.

असल्या संहाराची तक्रार जुनी आहे. मद्रास लष्करातील शल्यवैद्य फ्रान्सिस डे यांनी 1873 च्या आपल्या अहवालात विणीचे मासे व पिले यांच्या नासाडीविषयी सरकारास कळकळीने लिहिले. परंतु 1897 चा कायदा झाला तो मुख्यत्वे सुरुंग आणि विष यांच्याविरुद्ध, शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड, आणि तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. बीदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्या मुलुखात होते. 1956 मध्ये ते म्हैसूर राज्यात गेले. मांजरा मात्र तीच राहिली, आणि एका नदीवर तीन राज्यांचे तीन कारभार आले.

याच सुमारास अंड्यांना खरी किंमत आली, ती निराळ्या वाटेने. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओरिसात माशाच्या मस्तकग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांस बंदिस्त पाण्यात वीण करायला लावले, आणि नदीतून बीज गोळा करण्याची गरज सरली. धरणांत कटला-रोहूची बोटुकली सोडली जातात, मक्तेदार जाळे टाकतो, महसूल मिळतो, आणि किलोंचा हिशेब चांगला दिसतो. वरच्या ओढ्यात यंदा किती वांब, किती मरळ चढली, हे त्या हिशेबात कोठेच येत नाही.

कोकणकिनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा दर्यावर जातात. नदीवर तसे करावे असे सुचवणे सोपे आहे. धरणाच्या मक्त्याच्या करारनाम्यात आषाढ-श्रावणाची मनाई घालता येईल, मक्तेदार कुरकुरेल, पण त्यास जाब विचारता येईल. परंतु मासा मरतो तो धरणात नव्हे, तर त्याच्या वर दहा कोसांवर, ज्याचा मक्ता कोणी घेतलेला नाही अशा ओढ्यात, आणि तेथे ना बंदर आहे, ना नौका मोजणारा कारकून, ना जाब देण्यास बांधलेला माणूस.