आधी इसार, मग दुकान

कॅलिफोर्नियाचे वार्तापत्र

अमेरिकेत धंदा काढणे सोपे, असा आपल्याकडे समज आहे. नोंदणी झटपट होते हे खरे, पण टिकून राहणे इथेही अवघडच. सरकारी कामगार-आकडेवारी खात्याचे हिशेब सांगतात की नव्या धंद्यांपैकी सुमारे एक पंचमांश पहिल्याच वर्षात आणि जवळजवळ निम्मे पाच वर्षांत बंद पडतात. अशा देशात गाळा घेण्याआधी, माल भरण्याआधी गिऱ्हाईक खरोखर पैसे मोजेल का हे अजमावण्याची एक रीत रुळली आहे. ‘छान आहे, नक्की घेऊ’ म्हणायला कुणाच्या खिशातून काही जात नाही. इसार द्यायचा म्हटला की माणूस विचार करतो, आणि मागणी मोजायची ती त्या क्षणाला. माझ्या मते, इथल्या भांडवलाच्या गोष्टींपेक्षा ही रीतच आपण नीट समजून घ्यायला हवी.

नुसते विचारून भागत नाही, याचा दाखला याच देशाने मोठी किंमत मोजून दिला आहे. १९८५ साली कोका-कोलाने आपल्या पेयाची चव बदलली. त्याआधी जवळजवळ दोन लाख लोकांना घोट-घोट पाजून पाहिले होते आणि कौल नव्या चवीकडे झुकला होता. २३ एप्रिलला नवे पेय बाजारात आले, लोक खवळले आणि ७९ दिवसांत जुने परत आणावे लागले. घोट कोणता गोड लागतो, एवढेच विचारले गेले होते. त्यासाठी जुने पेय कायमचे सोडाल का, हा प्रश्न त्या चाचणीत नव्हताच.

याउलट १९९९ साली निक स्विनमर्न यांना शंका होती की पायात घालून न पाहता लोक बूट घेतील का. त्यांनी गोदाम बांधले नाही. जवळच्या दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, संकेतस्थळावर लावले आणि मागणी आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घेऊन टपालाने पाठवला. जोडामागे नफा जवळजवळ नव्हताच, पण उत्तर मिळाले. त्यातून झॅपोज ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातच वेबव्हॅन नावाच्या कंपनीने घरपोच किराणा सुरू केला आणि पहिल्या शहरातले गणित जुळायच्या आतच देशभरात गोदामे बांधण्यासाठी सुमारे एक अब्ज डॉलरचा करार केला. जुलै २००१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. किराणा घरपोच हवा असणारी माणसे होती, हे पुढच्या काळाने दाखवले. किती माणसे, कोणत्या भावाला आणि किती वेळा मागवतील, हे मात्र कुणी थांबून पाहिले नव्हते.

तयार नसलेल्या वस्तूचे पैसे आधी घेणे ही फसवणूक नव्हे का, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. इथे त्याचे उत्तर कायद्यात आहे. टपालाने वा इंटरनेटवर माल विकणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीत, मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत, माल पाठवता येईल अशी रास्त खात्री असल्याशिवाय मागणी घ्यायचीच नाही. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाला कळवायचे आणि पैसे परत घेण्याची मुभा द्यायची. परताव्याची ही हमी असते, म्हणून अनोळखी माणूस अनोळखी विक्रेत्याला आगाऊ रक्कम देतो. हा विश्वास नसता तर वर सांगितलेली रीत इथेही चालली नसती.

खाद्यपदार्थांसाठी पायरी याहून सोपी आहे. कॅलिफोर्नियात २०१३ पासून घरच्या स्वयंपाकघरात केलेला मुरंबा, बिस्किटे, मसाले यांसारखे न नासणारे पदार्थ विकता येतात. लेबलवर ‘घरगुती स्वयंपाकघरात बनवलेले’ असे छापावे लागते. फक्त थेट विक्री करणाऱ्यांसाठी वार्षिक विक्रीची मर्यादा २०२२ मध्ये ७५ हजार डॉलर झाली. शनिवारच्या शेतकरी बाजाराच्या कडेला अशी घडीची टेबले दिसतात: चार-पाच डझन बरण्या, एक उघडी बरणी, चवीसाठी लाकडी चमचे. चव घेऊन दाद देणारे पुष्कळ असतात. विक्रेत्याने लिहून ठेवायचे ते चव घेतलेल्यांपैकी पैसे किती जणांनी काढले आणि पुढच्या शनिवारी रिकामी बरणी घेऊन परत कोण आले. घरच्यांची आणि मैत्रिणींची खरेदी वेगळ्या रकान्यात, कारण ती प्रेमाने केलेली असते.

एका बाजारातली गर्दी म्हणजे सगळे शहर नव्हे, हेही खरे. छोट्या चाचणीचा निकाल छोटाच असतो आणि तेवढाच मानावा. त्याहून गंभीर आक्षेप असा की पैसे आधी मिळूनही धंदा बुडतो. २०१४ साली ‘कूलेस्ट’ नावाच्या शीतपेटीसाठी लोकांनी १.३ कोटी डॉलर आगाऊ दिले. तरीही २०१९ मध्ये कंपनी बंद झाली आणि हजारोंना पेटी मिळालीच नाही. तिथे मागणी खरी होती, पण ती अशा किमतीला होती की त्या किमतीत पेटी बनवणे परवडत नव्हते. म्हणून टेबलावरच्या बरणीची किंमत ठरवतानाच फळे, काच, झाकण, जागेचे भाडे आणि ढवळण्यात गेलेले स्वतःचे तास धरावे लागतात. निम्म्या भावात दुपारपर्यंत संपलेल्या बरण्यांवरून गाळ्याचा करार करता येत नाही.