आगगाडीच्या प्रतिकृती : मापाचा पक्का कारागीर हवा

जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपान या देशांत आगगाडीच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती बनविणे व जमविणे हा मोठ्या माणसांचा छंद आहे. आपल्याकडे याला पोरांचे खेळणे समजून सोडून दिले जाते. परंतु हाताने जोडलेल्या एका पितळी इंजिनासाठी तिकडचा शौकीन शेकडो डॉलर मोजतो, आणि त्यावरील दिवा चुकीच्या जागी दिसला तर तोच शौकीन नाक मुरडतो. पितळकाम, डायकाम, सोनारकाम किंवा नकली दागिन्यांचे ओतकाम करणाऱ्या आमच्या बांधवांनी या बाजाराची माहिती करून घ्यावी, म्हणून हा लेख.

या धंद्यात सारे काही मापावर चालते. सर्वांत जास्त खपणारे प्रमाण 'एचओ' म्हणून ओळखले जाते, म्हणजे १ : ८७. आपल्या रेल्वेचा नेहमीचा निळा आयसीएफ डबा २१,३३७ मिलिमीटर लांब व ३,२४५ मिलिमीटर रुंद असतो. ८७ ने भागले की प्रतिकृती २४५ मिलिमीटर लांब व ३७.३ मिलिमीटर रुंद झाली पाहिजे. आता खिडकी एका मिलिमीटरने सरकली, तर खऱ्या डब्यात ती ८७ मिलिमीटरने, म्हणजे जवळपास साडेतीन इंचांनी सरकली असे होते. गिऱ्हाईक हे डोळ्यांनी पकडते. "एवढे चालते" हा आपल्या बाजारातला शब्द तेथे चालत नाही.

रुळांचाही हिशेब समजून घ्यावा. एचओ रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण युरोप-अमेरिकेतील रुळ १,४३५ मिलिमीटर अंतराचे आहेत. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची, म्हणजे १,६७६ मिलिमीटरची. तिला त्याच प्रमाणात १९.३ मिलिमीटर हवेत. म्हणून भारतीय गाडीची प्रतिकृती तयार रुळांवर ठेवली की खालची बाजू अरुंद दिसते. फुटाला ३ मिलिमीटर असे माप धरले तर साडेपाच फुटांचे बरोबर साडेसोळा मिलिमीटर होतात व तयार रुळ चपखल बसतात. मात्र त्या मापाची गिऱ्हाइके थोडी. गंमत अशी की इंग्रज स्वतः हीच खोट वर्षानुवर्षे चालवून घेत आले आहेत. त्यांचे नेहमीचे माप फुटाला ४ मिलिमीटर, त्याला रुळ हवेत १८.८३ मिलिमीटरचे, आणि वापरतात साडेसोळाचेच!

आमच्या मते आपल्याकडच्या कारागिराला खरी संधी आहे ती छोट्या रुळांच्या डोंगरी गाड्यांत. नेरळ-माथेरान रेल्वे घ्या. मुंबईचे सुप्रसिद्ध व्यापारी सर आदमजी पीरभाई यांचे चिरंजीव अब्दुल हुसैन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती बांधली. तिचे रुळ दोन फुटांचे. इंग्लंडमध्ये अशा गाड्यांच्या शौकिनांचे एक आवडते माप फुटाला १६ मिलिमीटर आहे, म्हणजे सुमारे १ : १९. दोन फुटांचे झाले ३२ मिलिमीटर, आणि या अंतराचे रुळ बाजारात तयार मिळतात. दार्जिलिंगच्या इंजिनाच्या खऱ्या वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृती इंग्लंडमध्ये बनल्या व विकल्याही गेल्या. मग एका मुस्लिम व्यापारी घराण्याने उभारलेल्या, आपल्याच जिल्ह्यांतल्या गाडीचे डबे आपल्या कारागिराने का बनवू नयेत? मूळ डबे मोजावयास त्याला नेरळपर्यंतच जावे लागेल.

हे हवेतले बोलणे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांनी तेथील लहान कारखान्यांकडून पितळी इंजिने करून घेतली. पुढे अमेरिकी आयातदार चित्रे व फोटो पाठवू लागले आणि जपानी कारागीर तसा माल देऊ लागले. जपानमध्ये मजुरी वाढली तसे हे काम कोरियाकडे गेले, नंतर चीनकडे. इंग्लंडच्या नामांकित हॉर्नबी कंपनीनेही १९९० नंतरच्या दशकात आपले उत्पादन चीनला हलविले. तिच्याच एअरफिक्स नावाचे काही प्लॅस्टिक संच पुढे भारतातही तयार झाले. काम स्वस्त व पक्क्या हाताच्या शोधात फिरत असते. नुसत्या स्वस्त हाताकडे ते आले तरी फार दिवस थांबत नाही.

हुन्नर तर आपल्याकडे आहेच. पाव मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यावर चित्र उमटवून फेरिक क्लोराइडने कोरतात. नेमप्लेट बनविणारे तेच करतात. फरक इतकाच की येथे पत्रा दोन्ही बाजूंनी कोरावा लागतो, आणि जेथे घडी घालावयाची तेथे अर्ध्या जाडीची रेघ सोडतात. दिवे, शिट्ट्या, बफर असे बारीक भाग रबरी साचा गरगर फिरवून त्यात पातळ धातू ओतून काढतात. मुंबईचे नकली दागिनेवाले ही रीत चांगली जाणतात. मात्र ओतीव धातूत शिसे नसावे. युरोपात त्याबाबत फार कडक पाहणी होते. चौदा वर्षांवरील संग्राहकांसाठी असे स्पष्ट लिहिलेला माल तेथे खेळणे मानला जात नाही, हेही लेबल छापताना ध्यानात ठेवावे. माणसांच्या व जनावरांच्या चिमुकल्या मूर्ती हाही या बाजाराचा भाग आहे. ज्यांच्या मनाला ते पटत नाही त्यांना डबे, पूल व स्टेशने यांतच काम पुरून उरेल.

गिऱ्हाईक भेटते ते प्रदर्शनांत. जर्मनीत न्यूरेंबर्गची खेळण्यांची जत्रा १९५० पासून भरते. ती केवळ व्यापाऱ्यांसाठी असून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुमारास असते. सर्वसामान्य शौकिनांसाठी डॉर्टमुंडला एप्रिलमध्ये, तर अमेरिकेत वेस्ट स्प्रिंगफील्ड येथे जानेवारीत मोठे प्रदर्शन होते. बर्मिंगहॅमचे वॉर्ले क्लबचे नावाजलेले प्रदर्शन मात्र २०२३ नंतर बंद झाले. अशा ठिकाणी निरनिराळे क्लब आपापली मांडणी, म्हणजे रुळ, डोंगर, गावे यांसह चालती रेल्वे, घेऊन येतात. बाजूला विक्रेत्यांची टेबले असतात व जुन्या मालाचीही उलाढाल होते. नवख्याने प्रथम विकावयास नव्हे, तर कोणता भाग लोक शोधत फिरतात हे पाहावयास जावे. परदेशी जाणे जमत नसेल त्यांनी निदान पुण्याच्या कोथरूड भागातील, १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून यावे.

पैशाचा व्यवहारही आपल्याला सोयीचा आहे. पुष्कळ छोटे उत्पादक आधी मागणी नोंदवून, काही रक्कम आगाऊ घेऊन मग माल बनवितात. माप, धातू, रंग व मुदत ठरवून माल करवून घेण्याच्या या रीतीला आपल्या फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात. त्यामुळे व्याजी कर्ज न काढता पहिली खेप उभी राहू शकते. करार लेखी व मापांच्या चित्रासह करावा. सुरुवात अख्ख्या इंजिनाने करू नये. एखादा दिवा, पायरी किंवा डब्याच्या चाकांची चौकट निवडून तिचे दहा नग करावेत व दहाही नग कॅलिपरने मोजून पाहावेत. पहिल्या व दहाव्या नगात फरक पडला तर साचा पुन्हा करावा आणि मगच नमुना पाठवावा.