रात्रीच नळ का फुटतो?

टेकडीवरच्या टाकीचे पाणी आमच्या खालच्या आळीत जोरात येते, याचे आम्हांला कौतुकच होते. मग एका रात्री मोरीतला जोड सुटला अन् शेजारच्या खोलीतली ज्वारीची दोन पोती भिजली.

फिटर म्हणाला, "दिवसा सगळ्यांचे नळ चालू, दाब वाटेतच जिरतो. रात्री सगळा तुमच्या पायपावर!"

दर 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो दाब. आमची टाकी 60 मीटर वर. आता मेन कॉकपुढे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला आहे. आत स्प्रिंग अन् रबरी पडदा. घराकडचा दाब वाढला की पडदा स्प्रिंगला रेटतो, पाण्याची वाट मिटते. स्क्रू फिरवून 3 किलोवर ठेवलाय. अलीकडे जाळी मात्र हवीच. गाळ अडकून व्हॉल्व्ह पुरता मिटला नाही, तर रात्रीचा दाब पुन्हा घरात.