आमच्यामागे याचे कसे होणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'ट्रस्ट' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एखादे देवस्थान येते, शिक्षणसंस्था येते, फार तर धर्मादाय रुग्णालय. हे सारे सार्वजनिक न्यास. त्यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे, तो ट्रस्ट घरगुती आहे. त्याला खासगी न्यास म्हणतात. त्याचा कायदा १८८२ सालचा, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीची पायरी त्यासाठी चढावी लागत नाही. श्रीमंतांची कर चुकवण्याची युक्ती, असा त्याच्याविषयी एक समज आहे. पण वारशावरचा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, आपल्याकडे १९८५ सालीच रद्द झाली. मध्यमवर्गीय माणूस ट्रस्टचा विचार करतो तो वेगळ्याच काळजीपोटी.

मृत्युपत्राच्या कामासाठी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक पती-पत्नी आले होते. स्वकष्टाचा फ्लॅट, बँकेत ठेवी, मुलगी लग्न होऊन परगावी. धाकटा मुलगा पस्तिशीचा, पण बुद्धीने सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा. त्यांनी मनाशी ठरवले होते, की सगळे मुलीच्या नावावर करायचे, ती भावाला सांभाळेल. मुलगी सांभाळेलही, तिच्या मायेबद्दल मला शंका नव्हती. पण नावावर झालेली मालमत्ता कायद्याने तिची होते. उद्या तिचेच काही बरेवाईट झाले, तर ती तिच्या नवऱ्याकडे आणि मुलांकडे जाईल. घरात कर्ज झाले, तर सावकाराचा हात तिच्यापर्यंत पोचेल. भावाचा त्या घरावर कायदेशीर हक्क उरणार नाही.

मग सगळे मुलाच्याच नावावर करावे का? त्याला व्यवहार कळत नाही, बँक त्याची सही मानणार नाही, आणि अंगठा उठवून घेणारी माणसे जगात कमी नाहीत. 'नॉमिनी लावला आहे ना,' असेही पुष्कळजण म्हणतात. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी पैसे ताब्यात घेणारा माणूस असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही हेच खरे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

अशा ठिकाणी ट्रस्ट उपयोगी पडतो. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे होते, पण तिचा उपभोग लाभार्थ्याचा. फ्लॅट विश्वस्तांच्या नावे राहील, त्यात राहील मुलगा. ठेवींचे व्याज विश्वस्त घेतील, खर्च होईल त्याच्या जेवणावर, औषधावर, सांभाळणाऱ्या बाईच्या पगारावर. विश्वस्ताच्या स्वतःच्या कर्जापायी या मालमत्तेवर जप्ती येऊ शकत नाही. तिच्यातून त्याला नफा काढता येत नाही, हिशेब ठेवावाच लागतो, आणि एकदा काम स्वीकारल्यावर मनात आले म्हणून ते सोडताही येत नाही.

ट्रस्ट दोन प्रकारे करता येतो. हयातीत करायचा आणि त्यात घर-जमीन घालायची, तर लेखी दस्त हवा, करणाऱ्याची सही हवी आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी हवी. मुद्रांक शुल्क किती पडेल, ते आधीच विचारून घ्यावे. दुसरा मार्ग मृत्युपत्राचा. त्याला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही, आणि जिवंत असेपर्यंत मन बदलण्याची मोकळीक राहते. मी बऱ्याचजणांना मधला मार्ग सुचवतो. आज थोड्या रकमेचा ट्रस्ट करावा, पॅन कार्ड काढावे, बँकेत खाते उघडावे, आणि फ्लॅट व ठेवी मृत्युपत्राने त्या ट्रस्टला द्याव्यात. म्हणजे विश्वस्त कसे वागतात, ते आपल्या डोळ्यांदेखत कळते.

एक सांगून ठेवतो. जे आपले आहे तेवढेच ट्रस्टमध्ये घालता येते. वाडवडिलांच्या घरात भावांचा हिस्सा असतो, २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचाही सारखाच असतो. तो परस्पर ट्रस्टला देता येणार नाही. देणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केलेला ट्रस्टही न्यायालयात टिकत नाही.

कराचे थोडक्यात सांगतो. लाभार्थी आणि त्याचा हिस्सा ठरलेला असेल, तर कर साधारणपणे लाभार्थ्याच्या दराने बसतो. कोणाला किती द्यायचे ते विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले, तर सर्वांत वरचा दर लागू शकतो. मात्र अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्राने केलेल्या एकमेव ट्रस्टला यातून सवलत आहे. दस्ताचा मसुदा चार्टर्ड अकौंटंटला दाखवावा तो यासाठीच.

खरी अडचण कायद्यात नसते, विश्वस्त निवडण्यात असते. आपल्याच वयाचा मित्र नेमणे ही नेहमीची गोष्ट, पण आपण सत्तरीचे तर तोही सत्तरीचाच. निदान एक विश्वस्त पुढच्या पिढीतला असावा. संख्या दोन किंवा तीन ठेवावी. कायद्याने साधारणतः सर्वांनी मिळून निर्णय घ्यायचा असतो, म्हणून मतभेद झाल्यास काय करायचे आणि जागा रिकामी झाल्यास नवा विश्वस्त कोणी नेमायचा, ते दस्तातच लिहावे. मोबदल्याचेही लिहावे; दस्तात तरतूद नसेल तर विश्वस्ताला मोबदला मागता येत नाही, आणि फुकटचे काम वर्षानुवर्षे कोण मनापासून करतो?

शिवाय विश्वस्त पैसा सांभाळतो, माणूस नव्हे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला पालक नेमण्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्याखालची स्थानिक समिती अर्जावरून पालक नेमते. ही नेमणूक आईवडिलांच्या हयातीतच झालेली बरी. माझ्या मते पालक एक आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, हे जास्त सुरक्षित. त्या शिक्षकांनी मुलीला पालक केले आणि एका भाच्याला व एका माजी विद्यार्थ्याला विश्वस्त.

दस्ताबरोबर त्यांनी चार पानी पत्रही जोडले. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर. भात कालवूनच द्यावा लागतो. वीज कडाडली की त्याच्याजवळ कोणीतरी बसावे. असे पत्र विश्वस्तांवर कायद्याने बंधनकारक नसते. त्याला मुद्रांक लागत नाही, आणि ते दरवर्षी नव्याने लिहिता येते.