कुठेही न जाणारी नळी

आठ सिलिंडरच्या इंजिनात एका सेकंदाला किती स्फोट होत असतील? चला, हिशेब करू. अमेरिकेतल्या सरळसोट इंटरस्टेट महामार्गावर एखादी शेवरले कॉर्वेट सहाव्या गिअरमध्ये निवांत पळत असते, तेव्हा तिच्या इंजिनाचा काटा १,५०० च्या आसपास असतो. मिनिटाला १,५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणून आठ सिलिंडर मिळून दर फेरीला चार स्फोट. पंचवीस चोक शंभर! गाडी अगदी आळसावून चालली आहे असं आपल्याला वाटतं, तेव्हाही सेकंदाला शंभर वेळा दाबाचा एक धक्का एक्झॉस्टच्या नळीत भिरकावला जात असतो.

सेकंदाला शंभर धक्के म्हणजे १०० हर्ट्झचा स्वर. चांगला भरदार खर्ज. स्पोर्ट्स कार घेणारा माणूस याच आवाजासाठी तर पैसे मोजतो. बरेच हौशी लोक कंपनीचा सायलेन्सर उतरवून जास्त मोकळा, जास्त गरजणारा सायलेन्सर चढवतात. सिग्नलवरून सुटताना त्याचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो. मग एके दिवशी तीच गाडी चार तासांच्या प्रवासाला निघते, काटा १,५०० वर स्थिरावतो आणि केबिनमध्ये एक घुमारा सुरू होतो. तो कानात कमी आणि कवटीत जास्त वाजतो. शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं, पण डोकं जड होतं. इंग्रजी मुलखातले गाडीवाले याला ‘ड्रोन’ म्हणतात. गंमत बघा, काटा २,००० वर नेला की घुमारा गायब! इंजिन जास्त जोरात फिरतंय, जास्त धूर ओततंय, तरी केबिन शांत. असं कसं?

याचं उत्तर आवाजाच्या जोरात नाही, त्याच्या लांबीत आहे.

हो, आवाजाला लांबी असते. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. सेकंदाला शंभर लाटा निघत असतील तर एकेक लाट ३.४३ मीटर लांब. तिची अर्धी लांबी १.७ मीटर. आता दोनच माणसांच्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये पुढच्या काचेपासून मागच्या भिंतीपर्यंत टेप लावून बघा. पावणेदोन मीटर, दोन मीटर, असंच काहीतरी माप येईल. म्हणजे त्या केबिनमध्ये अर्धी लाट जवळजवळ फिट्ट बसते! ती मागच्या भिंतीवर आपटून परतते आणि नेमक्या वेळेला येणाऱ्या पुढच्या लाटेत मिसळते. झोपाळा परत येण्याच्या क्षणाला हलकासा धक्का देत राहिलं की तो उंच उंच जातो, तसंच हे. यालाच अनुनाद म्हणतात. फेरे बदलले की लाटेची लांबी बदलते, धक्क्याची वेळ चुकते आणि झोपाळा बसतो.

यातून निघणारी एक गोष्ट तर तुम्ही स्वतः करून बघू शकता. अशा उभ्या लाटेत हवेचा दाब दोन्ही टोकांना सर्वांत जास्त आणि मधोमध सर्वांत कमी हेलकावतो. दोन सीटच्या गाडीत माणसाचं डोकं कुठे असतं? मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलेलं, म्हणजे नेमकं टोकाला. घुमारा सुरू असताना शेजारी बसलेल्याने डोकं फूटभर पुढे, डॅशबोर्डकडे न्यावं. आवाज पडलेला जाणवतो. परत मागे टेकावं, की घुमारा हजर. गाडी तीच, वेग तोच, आवाज मात्र जागेवर अवलंबून! (हा प्रयोग गाडी चालवणाऱ्याने करू नये, हे सांगायला नकोच.)

बरं, हा घुमारा मोजायचा कसा? मोबाइलवर डेसिबल मोजणारं ॲप उघडलं तर बहुतेक वेळा आकडा बिचारा साधाच दिसतो आणि तक्रार करणाराच खोटा ठरतो. त्याचं कारण असं, की ध्वनिमापक सहसा ‘ए-वेटिंग’ नावाच्या पट्टीने मोजतात. आपले कान खर्जाला मंद असतात हे गृहीत धरून ती पट्टी १०० हर्ट्झच्या आवाजातून चक्क १९ डेसिबल वजा करते. खरा दाब ९५ डेसिबलचा असला तरी पडद्यावर येतात ७६. हलक्या आवाजांसाठी हा हिशेब ठीक आहे. पण सलग चार तास एकाच सुरात दाबणाऱ्या खर्जाचा जाच त्यात दिसत नाही. अशा वेळी माझा विश्वास ॲपपेक्षा दुखणाऱ्या डोक्यावर जास्त.

आता उपाय. पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तो फोमचा. गालिचा उचला, खाली जाड फोम पसरा, आवाज पिऊन टाका. पण फोमला आवाज पिता येतो तो हवेचे कण त्याच्या छिद्रांतून जोराने मागेपुढे घासले जातात तेव्हाच. भिंतीला लागून हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव लाटेच्या अंतरावर. १०० हर्ट्झची पाव लाट म्हणजे ८६ सेंटिमीटर! घुमारा चांगला प्यायचा तर फोम तिथपर्यंत पोचायला हवा. तेवढा फोम भरला तर गाडीत बसणार कोण? सेंटिमीटरभर फोमने वाऱ्याची शिट्टी कमी होते, टायरची सळसळ मऊ होते, आणि खर्ज त्यातून आरपार निघून जातो. उलट वरचे आवाज गेल्यामुळे तो जास्तच उघडा पडतो. पैसे खर्चून घुमारा वाढल्यासारखा वाटतो तो यामुळेच.

मग जड काहीतरी लावावं? भिंतीचं वजन दुप्पट केलं की आवाज अडवण्याची तिची ताकद फार तर ६ डेसिबलने वाढते. आवाज निम्मा झाला असं कानाला वाटायला मात्र साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे गाडीची तळफळी दुप्पट जड केली तरी निम्मी शांतताही पदरात पडत नाही. आणि स्पोर्ट्स कार अशी जड करायची तर ती घेतली कशाला?

वजन थोडं आणि परिणाम भरपूर, असा एक उपाय मात्र आहे. डिकीच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. टण्ण! पत्रा घंटेसारखा घुमत राहतो. आता त्याच्या मध्यावर तळहाताएवढी ब्युटिल रबराची चिकट शीट लावा, जिच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. रोलरने दाबून बसवा आणि पुन्हा टकटक करा. ठप्प. बस्स, एवढंच. पत्रा वाकायला लागला की वरचा ॲल्युमिनियमचा थर त्याच्याबरोबर ताणला जायला तयार नसतो; दोघांच्या कात्रीत सापडलेलं रबर पिळलं जातं आणि कंपनाची सगळी हालचाल उष्णतेत बदलून टाकते. अगदी नगण्य उष्णता, हात लावून कळणारसुद्धा नाही. सगळा पत्रा मढवायचीही गरज नसते, कारण तो जास्त हलतो तो मध्यावरच.

कॉर्वेटच्या इंजिनिअरांनी तर याहून मजेशीर गोष्ट केली. १९९७ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या गाडीत तुमच्या पायाखाली काय आहे, ओळखा पाहू. बाल्सा लाकूड! मुलं हस्तकलेची विमानं बनवतात ते. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचे उभे तुकडे दाबून बसवलेले. हलकं, कडक, आणि कंपन मारण्यात पटाईत. तुफान वेगाने पळणाऱ्या गाडीत माणूस लाकडी फळीवर पाय ठेवून बसलेला असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

एक फट मात्र या सगळ्यावर पाणी फिरवू शकते. भिंत कितीही भक्कम असो, तिच्या क्षेत्रफळाचा फक्त एक टक्का भाग उघडा असेल तर ती भिंत एकूण २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही. त्यामुळे वायर जाण्याच्या भोकातलं निखळलेलं रबर बदलणं हे महागड्या शीटपेक्षा आधी करायचं काम.

तरीही हे सगळे झाले आवाज घरात शिरल्यानंतरचे इलाज. तो जिथे जन्मतो तिथे, म्हणजे एक्झॉस्टमध्येच त्याला गाठता येईल का?

इथे मॅक्झिम बापलेकांची आठवण काढायलाच हवी. बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम. त्याने १८८४ मध्ये मशिनगन बनवली आणि तिच्या धडधडाटात स्वतःचे कान घालवले. मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम. त्याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं! टबमधलं पाणी भोवरा करत मोरीत उतरताना पाहून त्याला ती कल्पना सुचली, असं तो सांगे. पुढे त्याच युक्तीने त्याने इंजिनांचेही सायलेन्सर बनवले.

आजच्या सायलेन्सरमध्ये एकतर कप्पे असतात, जिथे लाटा आपटून आपापसांत खपतात. नाहीतर भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर. हौशी मंडळी चढवतात ती बहुधा ही दुसरी जात. धुराला आडकाठी नाही, वरच्या पट्टीचे आवाज लोकर पिते. आणि खर्ज? फोमचं झालं तेच. तो सरळ बाहेर.

आता येतो माझा सर्वांत आवडता भाग. एक्झॉस्टच्या मुख्य नळीला एक फाटा वेल्ड करायचा. साधारण एक मीटर लांबीची नळी, जिचं दुसरं टोक झाकण लावून बंद. धूर तिच्यातून कुठेही जात नाही. आत जाळी नाही, लोकर नाही, हलणारा भाग नाही. गाडीखाली जागा नसते म्हणून ती इंग्रजी ‘जे’सारखी वळवतात, नळी लाटेच्या मानाने अरुंद असल्यामुळे वळणाचं लाटेला सोयरसुतक नसतं. एवढ्याशा बंद नळीने महिनोन्महिने छळणारा घुमारा जवळजवळ पुसला जातो!

कसा? नळीची लांबी मुद्दाम पाव लाटेएवढी ठेवलेली असते. लाट फाट्यात शिरते, पाव लाट अंतर जाते, बंद टोकावर आपटते आणि पाव लाट अंतर परत येते. पाव आणि पाव, अर्धी लाट. ती तोंडाशी पोचते तेव्हा नेमकी उलटी झालेली असते: मुख्य नळीत दाबाचा डोंगर असतो तिथे ही दरी घेऊन येते. डोंगर अधिक दरी, बाकी शून्य. त्या जागी दाबाची लाट उभीच राहू शकत नाही, म्हणून तो स्वर पुढे न जाता इंजिनाकडे परत फिरतो. बाकीच्या स्वरांना हा फाटा जवळपास दिसतसुद्धा नाही. त्यामुळे १,५०० वरचा घुमारा जातो आणि ५,००० वरची डरकाळी तशीच्या तशी राहते.

पण पाव लाट तर ८६ सेंटिमीटर निघाली होती. मग नळी मीटरभर का? कारण आतला वायू तापलेला असतो आणि तापलेल्या वायूत ध्वनी जास्त वेगाने पळतो. १५० अंश सेल्सियसला सेकंदाला साधारण ४१२ मीटर. लाट ताणली जाते, म्हणून नळीही लांब लागते. यातून आणखी एक गंमत निघते: सकाळी गाडी सुरू केल्या केल्या ही नळी बेसूर असते. वायू तापेल तशी ती सुरात येते.

नळीची मर्यादाही उघड आहे. ती ओळखते एकच स्वर आणि त्याची तिप्पट, पाचपट अशी विषम पटीतली भावंडं. २०१४ मॉडेलच्या कॉर्वेटपासून हलक्या चालीत आठपैकी चार सिलिंडर झोपी जातात, इंधन वाचावं म्हणून. स्फोट निम्मे झाले, १०० हर्ट्झचे ५० झाले. १०० साठी कापलेली नळी ५० पुढे हतबल.

मग हवी अशी नळी, जिची लांबी क्षणाक्षणाला बदलेल. तशी नळी नाही, पण स्पीकर आहे. उलटी लाट बनवून आवाज मिटवण्याचं अमेरिकन पेटंट जर्मनीच्या पाऊल ल्यूग यांना १९३६ मध्येच मिळालं होतं. तेवढं चपळ इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा कुणाकडे नव्हतं. आज गाडीतल्या संगणकाला इंजिनाचे फेरे माहीत असतात, म्हणजे पुढच्या क्षणी कोणता स्वर येणार तेही माहीत. छतातले मायक्रोफोन ऐकतात आणि गाण्यांचेच स्पीकर त्या स्वराची उलटी लाट सोडतात. हे तंत्र सर्वांत चांगलं चालतं कुठे? खर्जात! ३.४३ मीटरच्या लाटेत डोकं वीतभर इकडेतिकडे झालं तरी हिशेब फारसा बिघडत नाही. ३,००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटिमीटरची, तिथे मान हलली की सगळं फिसकटलं. फोम जिथे हात टेकतो, बरोबर तिथून स्पीकरचं राज्य सुरू होतं.

२०१५ च्या निस्सान ३७०झी निस्मो गाडीत बोसच्या ध्वनियंत्रणेबरोबर ही सोय दिली होती. तिचं इंजिन सहा सिलिंडरचं, म्हणजे तिथे १०० हर्ट्झ येतात २,००० फेऱ्यांवर. पण निस्सानने त्याच यंत्रणेला आणखी एक काम लावलं होतं: गाडी पळवताना इंजिनाचा आवाज केबिनमध्ये वाढवून ऐकवण्याचं. नको तो आवाज पुसायचा आणि हवा तो भरायचा, दोन्ही एकाच वेळी, त्याच स्पीकरमधून. आणि ड्रायव्हरने गाणं लावलं असेल, तर तेही तिथूनच.