तिकीट त्याचं त्यानेच काढायचं

मी एसटीत कंडक्टर होतो. नोकरीचा बहुतेक काळ जळगाव-धुळे मार्गावर गेला. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळे. आमचा पोरगा बोलायला फार उशिरा लागला, आणि लागला तो थांब्यांची नावं घेतच. आज तो तिशीला टेकलाय आणि धुळ्याला मामाकडे एकटा जातो. गल्लीतली माणसं मला विचारतात, ‘एकट्याला सोडता? काही झालं म्हणजे?’ प्रवासात काय काय होतं ते माझ्याइतकं कोणी पाहिलं असेल? म्हणूनच तर शिकवलं.

तो स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. लहानपणी कागदावर ‘मतिमंद’ लिहून मिळालं, कारण 1995 च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आले, त्यात ती वेगळी नोंदली गेली. हा आजार नाही, त्यामुळे औषधाने बरा होण्याचा प्रश्नच येत नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. काहींना आयुष्यभर रोजच्या कामांत मदत लागते, काही इंजिनिअर होतात. आमच्या पोराला कुकरची शिट्टी सहन होत नाही, मोघम बोललेलं कळत नाही आणि ठरलेलं ऐनवेळी बदललं की त्याचा जीव कासावीस होतो. बाकी मराठी पेपर तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, टेंडर नोटिसांसकट.

बसचा प्रवास मी त्याला उलटा शिकवला. विशेष शिक्षिकेने ही युक्ती सांगितली होती: शेवटची पायरी आधी. सुरुवातीला सगळं मीच करायचो. धुळ्याच्या स्टँडवर उतरून समोर उभ्या मामापर्यंत चालत जायचं, एवढंच त्याचं काम. ते जमलं की मामा फाटकाबाहेर उभा राहायला लागला, मग घराच्या कोपऱ्यावर, मग घरीच. त्यानंतर तिकीट. दिव्यांगांना एसटीत 75 टक्के सवलत असते, कार्ड दाखवून ‘धुळे एक’ म्हणायचं. मी शेजारून उठून मागच्या सीटवर गेलो. सर्वात शेवटी जळगाव स्टँडवर पाटी वाचून गाडी ओळखणं. शेवटची पायरी आधी शिकवल्याने पहिल्या दिवसापासून प्रवास त्याच्या हातून पूर्ण होतो. पहिल्या पायरीपासून शिकवलं असतं, तर मधेच अडकून रोज हरल्यासारखंच वाटलं असतं.

घोळ झालाच. पारोळ्यात बालाजीचा रथ होता, गर्दीमुळे गाडी गावात न शिरता बाहेरून निघाली. पारोळा स्टँड आलंच नाही म्हणून हा उठून उभा राहिला, कान दाबून ओरडायला लागला. शेजारच्या बाईने त्याच्या खिशातली चिठ्ठी वाचली: ‘मला बोलायला वेळ लागतो. मला धुळ्याला जायचंय. हात धरू नका.’ खाली दोन फोन नंबर. तिने फोन लावून त्याच्या कानाला दिला. मी एवढंच म्हटलं, ‘रस्ता बदलला, धुळे तेच आहे.’ तो बसला. आता चिठ्ठीच्या मागे आणखी एक ओळ आहे: ‘रस्ता बदलू शकतो. कंडक्टरला विचार, धुळ्याला जाते ना?’

काम त्याला केळीच्या नर्सरीत मिळालं. टिश्यू कल्चरची रोपं प्रयोगशाळेतून आली की शेतात लावण्याआधी शेडनेटखाली वाढवावी लागतात. पिशव्या भरायच्या, रोप लावायचं, रांगेत मांडायचं. आवाज नाही, कोणी अंगाला खेटत नाही. मुकादम म्हणायचा, ‘जरा पाणी मार.’ जरा म्हणजे किती? हा तिथेच उभा. मग ‘एका ट्रेला एक झारी’ असं ठरलं आणि तक्रार संपली. रांगा मोजायची त्याची खोड घरात सगळ्यांना वैताग आणायची, तिथे त्याच मोजणीवर गाडीत किती रोपं भरायची ते ठरतं.

अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्नतेवरचा प्रसिद्ध लेख लिहिला. त्यातल्या 11 मुलांपैकी पहिला मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा डोनाल्ड ट्रिप्लेट. त्यालाही मोजमापाचं वेड होतं. काही काळ तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायला सांगितलं. मक्याच्या ओळी मोजतो म्हटल्यावर नांगर धरून मोजायला लावल्या. पुढे त्याने गावच्या बँकेत काम केलं, सत्ताविसाव्या वर्षी मोटार शिकला, एकट्याने जग फिरला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. बँक घरचीच होती, हे खरं. आपल्याकडे कोणाच्या घरी बँक असते? पण गावाने त्याला त्याच्या तऱ्हेने राहू दिलं, तसं राहू द्यायला पैसे लागत नाहीत.

आमच्या पोराच्या पगारावरून घरात वाद झाला. नर्सरीचा मालक भला माणूस, पण पैसे माझ्या हातात द्यायचा. मी म्हटलं, काम त्याचं, पैसे त्याच्या खात्यात. खातं उघडलं. पहिल्या पैशातून त्याने भिंतीवरचं घड्याळ आणलं. घरात दोन होती. त्याची आई चिडली. मी म्हटलं, आपण कधी नको ती वस्तू आणली नाही का?

तिचा प्रश्न मात्र रास्त आहे. ती धुळ्याकडची, अहिराणीत म्हणते, ‘आमना मांगे यानं कसं व्हई?’ मूल 18 वर्षांचं झालं की आईबापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पालक नेमून देते. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं आणि त्या व्यक्तीला सोबत घेऊन. न्यासाची निरामय योजना 1 लाखापर्यंत आरोग्य विमा देते. नाशिकला रजनीताई लिमयांनी 1977 साली अशा मुलांसाठी प्रबोधिनी ही संस्था उभी केली. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानचं ‘आश्रय माझे घर’ आहे, बौद्धिक दिव्यांगांच्या कायम निवासासाठी. ‘दीपस्तंभ’च्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग तरुण राहून शिकतात. ही दारं पालकांनी हातपाय चालताहेत तोवरच बघून ठेवावीत. पण कागद आणि जागा झाल्या म्हणजे भागलं, असं मी मानत नाही. आम्ही नसण्याची सवय त्याला आम्ही असतानाच व्हायला हवी. म्हणून मामाकडे जाणं, म्हणून रात्री दार लावून एकटं झोपणं. शेजारच्या किराणा दुकानदाराकडे एक किल्ली असते. मदत मागणं हेही शिकवलेलंच काम आहे.

लग्नकार्याला तो येत नाही. डीजे, गर्दी, पंगतीतला आग्रह, यातलं काहीच त्याला झेपत नाही. पूर्वी आम्ही ओढून न्यायचो आणि तिघंही रडकुंडीला येऊन परतायचो. मागच्या उन्हाळ्यात अमळनेरला भाचीचं लग्न होतं. त्याने खिचडी लावली, पातेल्यात, कुकर नकोच. आणि आम्हाला विचारलं, ‘गाडी किती वाजताची?’ मांडवात जो तो विचारत होता, पोरगा कुठंय? त्याची आई म्हणाली, ‘घरी आहे. त्याला नव्हतं यायचं.’ आणि ताटावर बसली.