पत्र ओळखीचे, पोटात कीड: ई-मेलचे 'वर्म' कसे पसरतात?

आजकाल बिल, चलान, बिल्टी, बँकेची सूचना, जीएसटीचे कागद असे सर्व काही ई-मेलला जोडून येते. सकाळी पेढी उघडली की मुनीमजी प्रथम मेल पाहतात आणि सोबतची फाईल, म्हणजे अटॅचमेंट, उघडतात. 'वर्म' नावाचा प्रोग्राम नेमका ह्याच सवयीवर जगतो. तो कसा शिरतो आणि कसा पसरतो हे व्यापारी बांधवांनी समजून घेणे जरुरीचे आहे, कारण नुकसान फक्त आपल्या मशीनचे होत नाही. आपल्या नावाने ते दुसऱ्याच्या दुकानातही पोहोचते.

व्हायरस आणि वर्म ह्यांतला फरक

व्हायरस दुसऱ्या फाईलला चिकटून राहतो. ती फाईल कोणी नेली, उघडली, तरच तो पुढे जातो. वर्म हा स्वतंत्र प्रोग्राम असतो. एकदा सुरू झाला की तो आपल्या नकला स्वतःच तयार करतो आणि स्वतःच पुढे रवाना करतो. लोकरीच्या एका गाठीला कसर लागली की शेजारच्या गाठींनाही ती लागते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की कसर एका गोदामात राहते, वर्म मात्र काही तासांत जगभर फिरतो.

मेलिसाचा हिशेब

२६ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत 'मेलिसा' नावाचा प्रकार पसरला. शास्त्रीय भाषेत तो वर्ड फाईलमधला मॅक्रो व्हायरस होता, पण त्याची चाल वर्मची होती. मॅक्रो म्हणजे फाईलच्या आत लिहून ठेवलेले हुकूम. 'तुम्ही मागितलेला कागद हा घ्या' अशा अर्थाच्या मजकुरासह ती फाईल येई. ती उघडताच मेलिसा आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० पत्त्यांवर तेच पत्र पाठवी, आणि तेही फाईल उघडणाऱ्याच्याच नावाने.

आता व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब करून पाहा. एकाने उघडले, ५० पत्रे गेली. त्या ५० जणांनी उघडले तर २,५००. त्या सर्वांनी उघडले तर १,२५,०००. तिसऱ्या पायरीलाच आकडा लाखावर जातो. प्रत्येक जण उघडत नाही हे खरे, पण टपालाच्या ओझ्याखाली मोठमोठ्या कंपन्यांची मेल व्यवस्था बंद पडण्यास इतके पुरेसे झाले. तो लिहिणाऱ्या डेव्हिड स्मिथ ह्यास २००२ साली २० महिन्यांची कैद झाली.

मनिलाचे 'प्रेमपत्र'

पुढच्याच वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपिन्सची राजधानी मनिला येथून 'आय लव्ह यू' हा वर्म निघाला. पत्राचा विषय हाच, आणि सोबत 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' नावाची फाईल. खरी चलाखी ह्या नावात होती. फाईलच्या नावाचा शेवटचा भाग तिची जात सांगतो. 'टीएक्सटी' म्हणजे साधा मजकूर, त्यापासून धोका नाही. 'व्हीबीएस' म्हणजे चालणारा प्रोग्राम. परंतु विंडोज ओळखीच्या प्रकारांचा शेवटचा भाग लपवून ठेवते. म्हणून अनेकांना फक्त 'टीएक्सटी' दिसले, आणि साधे पत्र समजून त्यांनी प्रोग्राम चालू केला.

त्यानंतरचे काम तीन भागांत झाले. प्रथम वर्मने स्वतःच्या नकला विंडोजच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि मशीन सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी नोंद केली. दुसरे, फोटो व इतर अनेक फाईली पुसून त्यांच्या जागी स्वतःची नक्कल ठेवली. तिसरे, पत्त्यांच्या यादीतील सर्वांना तेच पत्र पाठवले. शिवाय पासवर्ड चोरणारा एक प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवून घेण्याचीही त्यात सोय होती. ब्रिटनच्या संसदेलाही आपली मेल व्यवस्था काही वेळ बंद ठेवावी लागली.

थोड्याच दिवसांत इतरांनी ह्याच वर्मचे वेष बदलले. एक नमुना व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे: 'मातृदिनाच्या भेटवस्तूची तुमची ऑर्डर मिळाली, तुमच्या कार्डावर रक्कम टाकली आहे, सोबतचे बिल पाहा.' प्रेमपत्राला न फसणारा माणूस न घेतलेल्या मालाच्या बिलाला फसला.

वर्म लिहिणारा ओनेल दे गुझमान हा मनिलाचा तरुण होता. त्यावेळी फिलिपिन्समध्ये अशा कृत्याविरुद्ध कायदाच नव्हता, त्यामुळे तो सुटला. जून २००० मध्ये तेथे कायदा झाला, पण तो मागील कृत्याला लागू करता आला नाही. आपल्याकडे त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि त्याच्या कलम ४३ मध्ये संगणकात व्हायरस सोडण्याबद्दल भरपाईची तरतूद झाली.

नावावरही इतबार उरला नाही

ऑगस्ट २००३ मधील 'सोबिग-एफ' ह्या वर्मने आणखी एक पाऊल पुढे टाकले. लागण झालेल्या मशीनमधले पत्ते गोळा करून त्यांपैकी एक पाठवणारा म्हणून लावायचा आणि दुसऱ्याला पत्र धाडायचे. म्हणजे ज्याचे नाव पत्रावर आहे त्याची मशीन साफ, आणि ज्याची मशीन बिघडली त्याचे नाव कोठेच नाही. विनाकारण भांडणे मात्र होणार!

पुढे 'इमोटेट' आला. तो जुना पत्रव्यवहारच चोरून त्याच विषयाला उत्तर म्हणून फाईल पाठवीत असे. मागील महिन्यातील तुमचेच वाक्य खाली दिसत असताना शंका कोण घेणार? जानेवारी २०२१ मध्ये आठ देशांच्या यंत्रणांनी मिळून त्याचे जाळे तोडले, तरी नोव्हेंबरमध्ये त्याने पुन्हा डोके वर काढले. वर्ड आणि एक्सेलमधील मॅक्रो हेच त्याचेही मोठे साधन होते. म्हणूनच २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो आपोआप रोखण्यास सुरुवात केली.

पेढीवर पाळावयाचे नियम

ह्या सर्व हकिकतीतून एक गोष्ट दिसते. बहुतेक अशा वर्मनी कुलूप फोडले नाही. ओळखीचा आवाज काढून दार उघडून घेतले. म्हणून इलाजही व्यापाऱ्याच्या जुन्या रिवाजाचाच आहे. हुंडी आली तर सही पाहिल्याशिवाय पैसे देत नसत.

१. न मागितलेली फाईल आली तर पाठवणाऱ्यास फोन करून विचारावे. नंबर आपल्या वहीतला घ्यावा, त्या पत्रातला नव्हे.

२. विंडोजमध्ये फाईलच्या नावाचा शेवटचा भाग दिसेल अशी सोय करून घ्यावी. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असे नाव दिसले तर ते बिल नव्हे.

३. 'मॅक्रो चालू करा' असे फाईल सांगू लागली तर ती तेथेच बंद करावी. साधे बिल वाचण्यास मॅक्रो लागत नाही.

४. विंडोज व अँटीव्हायरस वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावे. खात्यांची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर तिलाही लागण होऊ शकते.

५. लागणीची शंका येताच प्रथम इंटरनेट तोडावे. मग सर्व पार्ट्यांना फोनने कळवावे आणि दुसऱ्या साफ मशीनवरून पासवर्ड बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० ह्या सरकारी क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

पाचव्या नियमातील पार्ट्यांना कळवण्याची बाब अनेक जण अब्रूच्या भीतीने टाळतात. पण आपण गप्प राहिलो तर आपल्या नावाचे पुढचे पत्र त्यांच्या पेढीवर उघडले जाईल. वेळीच फोन करणाऱ्याची पत बाजारात टिकते, आणि नुकसान झाल्यावर ज्याचे नाव निघते त्याच्या मालाकडेही लोक शंकेने पाहतात.